शब्दचर्चा : खिलाडूवृत्ती, खेलदिली आणि शर्यतीतला 'थोर' ड्रायव्हर
(लिहिणारे सगळे बडोद्याचे; प्रत्येकाचं नाव शहरातल्या भागावरून.)

रावपुरा
एका मजकुरात वाक्य आहे : 'सेना हा थोर ड्रायव्हर, पण त्याच्यात खिलाडूवृत्ती नव्हती.' (सेना म्हणजे फॉर्म्युला वन मोटारशर्यतींतला आयर्टन सेना, फौज नव्हे.) दोन शंका आहेत. 'थोर' म्हटल्यावर पुढे असा 'पण' येऊ शकतो का? आणि बडोद्यात रोज कानावर पडणारा गुजराती 'खेलदिली' इथे चालेल का?

दांडियाबाजार
'थोर'मध्ये वागणूक आधीच धरलेली असते. 'थोर दरोडेखोर' म्हणून पाहा, लोक हसतील. तिथे 'अट्टल' लागतो. नुसतं कसब आणि निकाल मोजायचे तर 'अव्वल' म्हणा. अव्वलला चारित्र्याचा दाखला लागत नाही.

१९५८ घ्या. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या शर्यतीत माइक हॉथॉर्नची गाडी शेवटच्या फेरीत फिरून बंद पडली. ती चालू करताना तो उलट्या दिशेने गेला म्हणून त्याला बाद करायचं घाटत होतं. जगज्जेतेपदासाठी त्याच्याशीच झुंजणाऱ्या स्टर्लिंग मॉसने पंचांना सांगितलं, गाडी तेव्हा ट्रॅकवर नव्हती, फुटपाथवर होती. हॉथॉर्नचे दुसऱ्या क्रमांकाचे ६ आणि वेगवान फेरीचा १, असे ७ गुण वाचले. वर्षअखेर गुण : हॉथॉर्न ४२, मॉस ४१. त्या वर्षी मॉसने जिंकलेल्या शर्यती ४, हॉथॉर्नने एकच. मॉस कधीच जगज्जेता झाला नाही, तरी त्याला 'थोर' म्हणताना मराठी माणसाची जीभ अडखळत नाही. 'विजेता' म्हणताना मात्र तक्ता बघावा लागतो.

कारेलीबाग
दांडियाबाजारकरांशी सहमत, फक्त 'खिलाडूवृत्ती'चं काय झालंय तेही बघा. हा शब्द बहुतेक वेळा कुठल्या क्रियापदाला जोडून येतो? 'पराभव खिलाडूवृत्तीने स्वीकारला.' म्हणजे खेळ संपल्यावर, हात मिळवताना. खेळ चालू असतानाचं वागणं त्यातून गळून पडलंय. 'खेलदिली'त दिल आहे, तो प्रत्यक्ष खेळतानाचा शब्द वाटतो. मी तो घेईन.

दांडियाबाजार
अहो, गुजरातीतही 'खेलदिलीपूर्वक हार स्वीकारी' सर्रास छापतात. तिथेही तीच गत. शेजारच्याचा शब्द नवा असतो म्हणून धारदार वाटतो, एवढंच.

कारेलीबाग
मान्य. मग निदान 'खिलाडू' आणि 'खिलाडी' यांतला फरक तरी वापरा. 'पक्का खिलाडी' म्हणजे डाव टाकणारा, बेरकी. गुजरातीतला 'पाको खेलाडी'ही तसलाच. 'खेळाडू' तटस्थ. जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर १९९०ला प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम धडकलेला सेना खेळाडू होता, खिलाडी होता, खिलाडू नव्हता. तिन्ही शब्द एकाच घरातले, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मांडवी
शब्द ठरवण्याआधी ट्रॅकवर नेमकं काय घडतं ते बघू, नाहीतर सगळ्यालाच 'धटिंगणपणा' म्हणून मोकळे होऊ.

शेजारी-शेजारी दोन गाड्या वळणात शिरतात, तेव्हा बाहेरच्या गाडीला पांढऱ्या रेघेच्या आत एका गाडीपुरती जागा ठेवणं, हे ट्रॅकवरचं खिलाडूपण. गाडी २ मीटर रुंद असेल तर मोकळी जागाही साधारण तेवढी हवी. दुसरं, बचावासाठी दिशा एकदाच बदलायची आणि तीही ब्रेक लागण्याआधी. कारण ब्रेक दाबल्यावर टायरची जवळजवळ सगळी पकड वेग कमी करण्यात खर्ची पडते; मागच्याला वळायला उरतच नाही. त्या क्षणी तुम्ही सरकलात तर तो तुमच्यावर आदळणार किंवा टायर लॉक होऊन सरळ बाहेर जाणार. १९७९ला फ्रान्समधल्या दिजाँला जिल व्हिल्नव आणि रने आर्नू शेवटच्या फेऱ्यांत चाकाला चाक घासत लढले, दोघेही रस्त्याबाहेर जाऊन परत आले, पण एकानेही दुसऱ्याला जागा नाकारली नाही. लढत होती दुसऱ्या क्रमांकासाठी! खिलाडूवृत्ती म्हणजे सौजन्य नव्हे, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आता उलटी उदाहरणं. सगळ्यांना एकच शब्द लावू नका.

सुझुका १९९० : सेनाला मिळालेली पोल पोझिशन, म्हणजे सुटतानाची पहिली जागा, ट्रॅकच्या मळक्या बाजूला होती. गाड्या ज्या ओळीवरून धावतात तिथे रबर बसून पकड येते. दुसऱ्या बाजूला धूळ आणि टायरचे सुटे तुकडे, त्यामुळे सुटताना मागची चाकं नुसती फिरतात. सेनाने बाजू बदलून मागितली, ती मिळाली नाही. पहिल्याच वळणावर त्याने प्रतिस्पर्धी ॲलन प्रोस्टची फेरारी उडवली आणि सेनाचं विजेतेपद तिथेच ठरलं. पुढच्या वर्षी जाणूनबुजून केल्याचं स्वतःच सांगितलं. १९८९ला याच ट्रॅकवर प्रोस्टशी टक्कर होऊन सेना पुढे बाद ठरला होता. म्हणजे हे 'उट्टं काढणं'.

हेरेस (स्पेन) १९९७ : विजेतेपदाच्या लढतीत मागून जाक व्हिल्नव आत शिरला, तेव्हा मिखाएल शूमाकरने ४८व्या फेरीत त्याच्यावर गाडी वळवली आणि स्वतःच खडीत रुतला. हा 'रडीचा डाव'. हरतोय दिसल्यावर खेळलेला. शिक्षा म्हणून त्या मोसमाचं दुसरं स्थान काढून घेतलं, पण त्याचे ५ विजय नोंदीत तसेच राहिले. अव्वल आणि थोर यांतली फट खुद्द संघटनेच्या नोंदवहीत दिसते ती अशी.

मोनॅको २००६ : सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीत शूमाकरने रास्कास वळणावर गाडी उभी केली, मागच्यांची वेगवान फेरी वाया गेली. 'खोडा घालणे'.

जेद्दा (सौदी अरेबिया) २०२४ : केविन मॅग्नुसनला १०-१० सेकंदांच्या दोन शिक्षा झाल्या, त्याची स्वतःची शर्यत गेलीच. मग त्याने मागचा जथा अडवून धरला आणि सहकारी ह्युल्केनबर्गला दहावा क्रमांक, म्हणजे १ गुण मिळवून दिला. ही 'अडवणूक', पण स्वतःसाठी नव्हे. म्हणून शब्द बोथट वाटतो. १२ महिन्यांत परवान्यावर १२ दंडगुण झाले की एक शर्यत बंदी; त्याच वर्षी बाकूच्या शर्यतीत मॅग्नुसनला ती भोगावी लागली.

रावपुरा
'रडीचा डाव' इतका घरगुती आहे की मजकुरात टाकायला हात कचरतो.

मांडवी
टाका बिनधास्त. 'अखिलाडू वर्तन' लिहिलंत तर वाचणाऱ्याला टक्कर दिसणार नाही, नोटीस दिसेल.

रावपुरा
मग वाक्य असं : 'सेना हा अव्वल ड्रायव्हर, सुझुकाला त्याने खिलाडूपण सोडून उट्टं काढलं.' 'त्याच्यात नव्हती' काढून टाकतो. एका वळणावरून माणसाच्या वृत्तीवर शिक्का नको.

कारेलीबाग
बरं केलंत. १९९२ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर अपघातानंतर एरिक कोमास हा ड्रायव्हर गाडीतच बेशुद्ध पडला होता, पाय ॲक्सिलरेटरवर, इंजिन किंचाळतंय. सेना गाडी थांबवून धावत गेला आणि इंजिन बंद केलं. तिथे कुठला शब्द घालाल?

दांडियाबाजार
'खिलाडूवृत्ती' तर नाहीच. तो शुक्रवारचा सराव होता, डाव सुरूच झाला नव्हता. तिथे साधा 'माणुसकी' पुरतो.