प्रबंध मुद्रितशोधकाला दाखवणं ही लबाडी कशी?

अंत्रुजकर
परवा इथे एका सरांनी लिहिलं, 'प्रबंध दुसऱ्याकडून तपासून घेणाऱ्यांनी पदवीही त्या दुसऱ्यालाच द्यावी.' डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. वर्षानुवर्षं एकाच मजकुरात बुडालेल्याला स्वतःची चूक दिसत नाही. त्यात आपल्याकडचा कितीतरी मजकूर जुन्या डीटीपी फाँटात. तो युनिकोडमध्ये नेला की 'ऱ्या' हटकून फुटतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या डोंगरांमधल्या 'दऱ्या' पानोपानी 'दर्या' झालेल्या मी पाहिल्यात. संगणक त्यावर लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. हे पकडायला माणूसच लागतो. त्याच्या कष्टाचे पैसे दिले तर लबाडी कसली?

डिचोलीचे मास्तर
ते सर मीच. शब्द मागे घेणार नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सगळे मिळून १८, त्यातले १४ १९६२चे आणि ४ १९७२चे. मराठीत संशोधन करणाऱ्याला तेवढेही येऊ नयेत? माझ्यासमोर आलेल्या एका प्रबंधात तिसऱ्या प्रकरणाची भाषाच बदललेली. मौखिकीत त्या मुलीला स्वतःचंच वाक्य समजावता येईना. तपासता तपासता कुणीतरी लिहूनच दिलं होतं.

वाळपईची
सर, आमची मराठी शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून गणित, विज्ञान, इतिहास, सगळं इंग्रजीत. घरी कोकणी. त्यातून कुणी मराठीत प्रबंध लिहायला धजावतं, तर त्याच्या ऱ्हस्व-दीर्घावरून त्याची लायकी काढायची?

म्हापसेंकार
माझा राग वेगळाच आहे. बहिणीने मजकूर घाटावरच्या एका मुद्रितशोधकाला दिला. त्याने 'मुंडकार' दिसेल तिथे 'कूळ' करून टाकलं, न विचारता! कूळ शेत कसतं, मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहतो. कायदेसुद्धा वेगळे, कुळांचा १९६४चा, मुंडकारांचा १९७५चा. तिच्या अख्ख्या प्रकरणाचा पायाच उखडला. वर 'कुळागरा'ची, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या मिश्र लागवडीची, नुसती 'बाग' केली. आमची मराठी म्हणजे यांना दुरुस्तीला आलेली बोली वाटते.

पर्वरीतली सांगलीकर
मी हेच काम करते आणि घाटावरचीच आहे. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. मजकूर येतो शेवटच्या आठवड्यात, 'ताई, परवा सादर करायचाय' म्हणून. आणि 'मुंडकार' पहिल्यांदा आला तिथे एका ओळीत अर्थ दिला असता तर हे झालं असतं का?

म्हापसेंकार
गोव्यात सादर होणाऱ्या प्रबंधात मुंडकार म्हणजे काय ते सांगायचं? पुण्यातल्या प्रबंधात वाडा म्हणजे काय ते सांगतात?

पर्वरीतली सांगलीकर
बाहेरचे परीक्षक कुठलेही असू शकतात भाऊ, सांगायलाच हवं. पण न विचारता शब्द बदलला ही त्या माणसाची चूकच, तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. शंका आली की समासात प्रश्न लिहायचा, मजकुराला हात लावायचा नाही.

अंत्रुजकर
सर, तुम्हाला हवी ती सीमा हीच. फाइलमध्ये प्रत्येक बदल खुणेसकट दिसू दे, आणि तो ठेवायचा की काढायचा हे लेखकाने ठरवू दे. ज्याने एकेक खूण वाचून निर्णय घेतला, तो मौखिकीत अडणार नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांवर गेलं की कारवाई आहे, पण तुमच्या त्या तिसऱ्या प्रकरणासारखी गोष्ट त्यात सापडत नाही. ती खुणांमध्येच सापडेल.

डिचोलीचे मास्तर
खुणा असलेली प्रत मार्गदर्शकाने पाहिली, तर माझी हरकत नाही. तेवढंच मान्य. आणि तपासणाऱ्याचं नाव ऋणनिर्देशात हवं. चोरी नाही ना, मग लपवायचं कशाला? वाळपईच्या बाईंचा शाळेचा मुद्दा खरा आहे, पण म्हणून नियम शिकायचेच नाहीत हे पटत नाही.

वाळपईची
शिकायचे नाहीत असं कोण म्हणालं? खुणा केलेली प्रत परत आली की त्यातूनच शिकतो आम्ही. वर्गात कुणी शिकवलेच नाहीत ते नियम.

पर्वरीतली सांगलीकर
नाव छापा, पण मजकूर महिनाभर आधी द्या. आणि सोबत इथल्या शब्दांची अर्थासकट यादी.

म्हापसेंकार
यादी देऊ. पण 'कुळागरा'ला कुणी हात लावायचा नाही.