ग्लिसरॉल आधी अडतं, मग बनतं
खारट द्रावणात यीस्टची पेशी आतलं पाणी टिकवायला ग्लिसरॉल साठवते. मीठ घातल्यावर जीपीडी१ हे ग्लिसरॉल बनवायला लागणाऱ्या विकराचं जनुक सुरू होतं म्हणून ते वाढतं, हे म्हणणं बरोबर, पण अर्धंच. त्याच्याही आधी, मिनिटाभरात, पेशीपटलातली एफपीएस१ वाहिनी मिटते आणि आत असलेलं ग्लिसरॉल झिरपायचं थांबतं. ही वाहिनी कायम उघडी ठेवणारं उत्परिवर्तन असलं, की जीपीडी१ कितीही चालू द्या, गळकी टाकी भरण्यातला प्रकार.

आणि एखादा वाण परासरण ताण (बाहेरच्या दाट द्रावणामुळे पेशीतलं पाणी ओढलं जाणं) सोसतो का, याची चाचणी नुसत्या मिठावर नको. ०.५ मोलर मिठाचा परासरण ताण साधारण १ मोलर सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाएवढा. पण मिठातलं सोडियम शिवाय विषारीही, ते बाहेर फेकायला ईएनए१ पंप लागतो. हॉग१ (या ताणाला प्रतिसाद सुरू करणारं जनुक) काढलेला वाण सॉर्बिटॉलच्या प्लेटवरही वाढायचा अडला, तरच दोष परासरणाचा धरा. त्याच प्लेटवर मूळ वाण शेजारी हवाच.