सलोनिकाचे ज्यू आणि त्यांच्या थडग्यांचे दगड

१४९२ साली स्पेनने हाकललेल्या ज्यूंचे पुढे काय झाले, असा प्रश्न अनेकदा पडतो. त्यांपैकी अनेकांना ओटोमन साम्राज्यात आश्रय मिळाला आणि सलोनिका, म्हणजे आजचे ग्रीसमधील थेस्सालोनिकी, या बंदरात ते इतके रुजले की शनिवारी, त्यांच्या शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, बंदराचे कामकाज थांबत असे. घरात लादिनो ही त्यांची जुनी स्पॅनिश मात्र चारशेहून अधिक वर्षे टिकली. मार्च ते ऑगस्ट १९४३ या अवघ्या काही महिन्यांत नाझींनी तेथील ४५,००० हून अधिक ज्यूंना आगगाड्यांत कोंबून पोलंडमधील छळछावण्यांकडे, मुख्यतः आउश्विट्झला पाठवले, आणि बहुतेकांना पोहोचताच ठार मारले.

त्याआधीची एक घटना मला तितकीच अस्वस्थ करते. डिसेंबर १९४२ मध्ये शहरातील प्राचीन ज्यू दफनभूमी उद्ध्वस्त करण्यात आली. हुकूम जर्मनांचा असला तरी काम स्थानिक प्रशासनाने करवून घेतले, आणि हिब्रू अक्षरे कोरलेले संगमरवरी दगड फरसबंदीसाठी व बांधकामासाठी वापरले गेले. त्याच जागेवर आज अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठ उभे आहे. तेथे स्मारक उभारायला २०१४ साल उजाडावे लागले, हा विलंब मला अक्षम्य वाटतो.

मोनास्तिरियोतोन सिनेगॉग, म्हणजे तेथील ज्यूंचे एक प्रार्थनास्थळ, मात्र वाचले, कारण युद्धकाळात रेड क्रॉस ती इमारत वापरत होती. आज शहरातील ज्यू समाज अगदी लहान असला, तरी तेथे प्रार्थना होते आणि ज्यू संग्रहालयात बचावलेल्या थडग्यांच्या दगडांवरील नावे वाचता येतात.