हळदीकुंकवाला वजनकाटा कशासाठी?

त्रिमूर्तीनगर
आमच्या सोसायटीत यंदा संक्रांतीचे हळदीकुंकू सामुदायिक ठेवले होते. सभागृहाच्या दाराशी, अत्तर लावणाऱ्या मुलीच्या शेजारी, वजन उतरवण्याची पावडर विकणाऱ्या एका बाईंनी चरबी मोजण्याचे यंत्र मांडले होते, आणि खर्चाचा काही भाग त्यांनीच उचललेला असल्यामुळे त्यांना कोणी हटकले नाही. येणारीने चपला काढायच्या, यंत्रावर उभे राहायचे आणि मग कुंकू लावून घ्यायचे, असा क्रम आपोआप ठरून गेला. आकडा नुसता वहीत टिपला असता तर एक वेळ दुर्लक्ष केले असते. पण तो सर्वांना ऐकू जाईल असा सांगितला जात होता, वर ‘शरीराचे वय ५१’ असा निकालही, आणि ज्या बाईला तो ऐकवला ती ३८ वर्षांची होती. वाण काय, तर मोजपट्टी आणि पावडरीची पुडी. एका नव्या सुनेने ‘मला नको’ म्हटले, तेव्हा तिच्या सासूबाईंनीच ‘अगं, चढ ना, सगळ्याच चढल्या’ असे म्हणत तिला पुढे केले.

हे बंद करावे असे मी तिथेच म्हटले आणि रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरही लिहिले. आता माझ्यावर आक्षेप असा, की सणाच्या दिवशी चारचौघींत मी यजमानीणबाईंचा पाणउतारा केला; त्यांना बाजूला घेऊन सांगता आले असते. बाजूला घेऊन सांगितले असते तर पुढच्या वर्षी यंत्र आले नसते हे खरे, परंतु रांगेत उभ्या असलेल्या बायकांना नाही म्हणण्याची सोय आहे हे मात्र कळले नसते. आकडा जर सर्वांसमोर वाचला जातो, तर त्याला हरकतही सर्वांसमोरच घेतली पाहिजे. रोजच्या जगण्यातला स्त्रीवाद माझ्या मते एवढ्याच मापाचा असतो: ‘चढायचे नाही’ म्हणणारीच्या बाजूला कोणीतरी उभे राहायचे. आपले मत काय?

महालातील काकू
ताई, मुद्दा पटला, रीत पटली नाही. हळदीकुंकू करणारी बाई आठवडाभर तिळगुळाच्या पाकाशी झुंजत असते, तिच्या दारात उभे राहून तिलाच सुनावणे शोभत नाही. शिवाय आपल्याकडे पाहुणी उंबऱ्यात आली की ‘वाळलीस गं’ किंवा ‘अंगाने भरलीस हो’ हे पहिले वाक्य असते, आणि त्यात विचारपूस असते, निंदा नव्हे. माहेरी असे म्हणणारे कोणी उरले नाही, म्हणजे काय ते मला विचारा. विक्री करणाऱ्या बाईंना खुशाल हाकला, पण त्या निमित्ताने घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावू नका.

प्रयोगशाळेतला
मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून पुरुष असूनही लिहितो आहे. ‘आहे ते शरीर सुंदरच’ या घोषणेची मला धास्ती वाटते. जगभरात बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, २५ झाला की जादा वजन आणि ३० झाला की लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी मात्र डॉक्टरांनी याच रेषा मुद्दाम २३ आणि २५ वर आणल्या आहेत, कारण आपल्याकडे चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो. बायकांनी कंबर ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे, असे सांगितले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या. तुम्हाला टोचलेली ती मोजपट्टी खरे म्हणजे त्या दिवसाचे सर्वांत उपयोगी वाण होते. कोणाला वाईट वाटेल म्हणून आपण बोलणेच सोडले, तर साखर वाढल्याचे कळेपर्यंत डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे नुकसान होऊन गेलेले असते.

त्रिमूर्तीनगर
दादा, तुमच्या प्रयोगशाळेत साखरेचा आकडा बाकावर बसलेल्या सगळ्यांना वाचून दाखवता का? अहवाल पाकिटात घालून ज्याचा त्याला देता ना? माझा आक्षेप तेवढ्याच जागी आहे. मोजमापाला माझी ना नाही. आणि मोजमापाचेच म्हणाल तर, ती यंत्रे तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात आणि त्याला शरीरात किती अडथळा होतो यावरून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी किती प्यायले, नुकते काही खाल्ले का, यावरही तो आकडा हलतो. पेसमेकर असलेल्यांनी त्यावर उभे राहायचे नसते, गरोदर बायकांनाही ते टाळायला सांगतात. दारात हे कोणी विचारले? त्या सुनेचे ‘नको’ कशासाठी होते हे मला ठाऊक नाही आणि ते तिने सभागृहाला सांगावे अशी अपेक्षाही नाही. ‘शरीराचे वय’ कोणत्या हिशेबाने निघते, हे तर विकणाऱ्या बाईंनाही सांगता आले नाही.

इंदोरा
काट्यावर एवढा ऊहापोह, पण निमंत्रणांच्या यादीवर अजून कोणी एक वाक्य लिहिलेले नाही. त्या सभागृहात विधवा किती होत्या? त्याच इमारतीत भांडी-फरशी करणाऱ्यांपैकी कोणाला बोलावले होते? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला, आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करायला सांगितले. आपण मात्र उपराजधानीत राहून सवाष्णींची यादी काढतो आणि त्यांच्यापैकी कोणाचे वजन वाचू नये यावर भांडतो.

प्रयोगशाळेतल्या दादांनी सांगितलेल्या पाहणीतच याच वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे रक्तक्षय, असेही नोंदलेले आहे. तो आकडा त्यांना आठवला नाही, कारण त्या बायका तिथे पावडर विकत घ्यायला येत नाहीत. याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग महिला परिषद भरली होती, आणि समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. तिथल्या बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्यांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा मागितली, गिरणीत देखरेखीला बाई नेमा म्हटले. देहाचा प्रश्न त्यांनी श्रमाच्या बाजूने धरला होता. आपल्या सोसायटीतल्या कामवाल्या बाईला पाळीच्या दिवसांत कंबर धरून जिने चढावे लागतात, तिला भरपगारी सुटी किती, हे या धाग्यावर कोणी सांगेल काय?

प्रयोगशाळेतला
रक्तक्षयाचा आकडा सांगायला हवा होता असे म्हणणे ठीक, पण हेतू कशाला जोडता? मी काही पावडर विकत नाही.

नंदनवन
इंदोरा यांनी ज्या यादीचा उल्लेख केला तिच्याबाहेर मी यजमान गेल्यापासून आहे. वाणाची पिशवी शेजारीण दाराशी आणून देते, आत या असे म्हणत नाही. खरे सांगायचे तर मला बोलावले असते तर मी आनंदाने काट्यावर उभी राहिले असते, आकडाही हसत ऐकून घेतला असता. तरीही आधी मोठा अन्याय मिटू दे, मग त्या सुनेचे पाहू, हा क्रम मला मान्य नाही. आमच्या वेळी सगळ्याच बाबतींत असा क्रम लावला गेला आणि आमचा नंबर लागलाच नाही. तिने ‘नको’ म्हटले ते बरे केले आणि त्रिमूर्तीनगरच्या ताई बोलल्या तेही बरे केले. आता तेवढ्याच मोठ्या आवाजात त्या यादीबद्दलही बोला.

त्रिमूर्तीनगर
बोलते. सोसायटीच्या येत्या सभेत दोन्ही गोष्टी मांडणार आहे: सणाच्या कार्यक्रमात विक्रेत्यांना जागा द्यायची नाही, आणि निमंत्रण इमारतीतल्या तसेच इमारतीत काम करणाऱ्या सर्व स्त्रियांना द्यायचे.

महालातील काकू
पहिल्याला माझ्यासारखीचे दोन्ही हात वर. दुसरे आपापल्या मनाने होऊ द्या, ठराव करून कुंकू लावता येत नाही. नंदनवनच्या बाईंना मी स्वतः बोलावीन, पण कागदावर लिहून घेतले की जुन्या बायका यायच्याच थांबतील आणि मग हळदीकुंकू कोणासाठी करायचे?

इंदोरा
काकू, मनाने व्हायचे असते तर इतक्या वर्षांत झाले असते. लिहूनच घ्या. आणि कामवाल्या बायकांना बोलावणार असाल तर कार्यक्रम दुपारी चारला ठेवू नका, त्या वेळी त्या तुमच्याच ओट्यापाशी उभ्या असतात.