'दुएर्मा' म्हणजे 'झोपा' की 'झोपावे'?

भाषांतरकार : मेक्सिकोत घडणाऱ्या एका कथेत परिचारिका वृद्ध रुग्णाला स्पॅनिशमध्ये 'दुएर्मा' म्हणते, तेथे मी 'झोपा' लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'झोपावे' केलेच, शिवाय 'दोर्मीर' (झोपणे) या क्रियापदापासून 'दोर्मा' व्हायला हवे, मूळ लेखकच चुकला असावा, असा शेराही मारला. नेमके बरोबर काय?

स्पॅनिश शिक्षिका : लेखक चुकलेला नाही. 'दोर्मीर'सारख्या काही क्रियापदांत आघात, म्हणजे उच्चारातील जोर, धातूतील स्वरावर पडला की 'ओ'चा 'उए' होतो, म्हणून मुलाला 'दुएर्मे' आणि वडीलधाऱ्यांना 'दुएर्मा'. 'कोंतार' म्हणजे मोजणे, त्याचे 'कुएंता' आणि 'कुएंते' होते. पण 'आपण मोजू या' म्हणताना आघात पुढे सरकतो आणि 'कोंतेमोस' असा जुना स्वर परत येतो. 'दोर्मीर' तेथेही सरळ वागत नाही, त्याचे 'दुर्मामोस' होते, आणि दर वर्षी निम्मा वर्ग उत्तरपत्रिकेत 'दुएर्मामोस' लिहून मोकळा होतो. राहिला 'झोपावे'चा प्रश्न. 'उस्तेद' हे आदरार्थी 'तुम्ही'चे सर्वनाम 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', यावरून आल्यामुळे त्याचे क्रियापद तृतीयपुरुषी असते, आणि त्याची आज्ञा आपल्या विध्यर्थाच्या जवळ जाते. तरीही रुग्णाच्या उशाशी 'झोपावे' कोण म्हणते?

संस्कृतप्रेमी : संस्कृतात एकाच धातूचे 'अस्ति' (आहे) पण 'सन्ति' (आहेत), 'करोतु' (त्याने करावे) पण 'कुर्वन्तु' (त्यांनी करावे) होते, तसेच हे आहे. अशा क्रियापदांना 'धातुविकारी' म्हणावे, 'स्टेम-चेंजिंग' या इंग्रजी संज्ञेची उसनवारी कशाला?

म्हापसेकर : साम्य आहे, नाते नाही. लॅटिनमधील ऱ्हस्व 'ओ'चा 'उए' स्पॅनिशमध्ये पुष्कळ नंतर झाला, आणि शेजारच्या पोर्तुगीजमध्ये तो झालाच नाही. पोर्तुगीज शाळेत शिकलेली माझी आजी आम्हा नातवंडांना 'दॉर्म' आणि पाहुण्यांना 'दुर्मा' म्हणे. 'उए' मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. शिवाय आपल्या 'ये'चे 'या' होते, 'हो'चे 'व्हा' होते, त्याला आपण विकार म्हणतो का? 'विकार' वाचले की मला दवाखाना आठवतो.

भाषांतरकार : म्हणजे मी 'झोपा'च ठेवू ना?

संस्कृतप्रेमी : शालेय व्याकरणात नाम, सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद हे विकारी शब्दच आहेत, त्यात रोगाचा काय संबंध? प्रश्न एवढाच उरतो की 'धातुविकारी क्रियापद' म्हणावे की 'विकारी धातू'. मला पहिले अधिक नेमके वाटते.