गॅस्ट्रिक बायपासनंतरचं खाणं आणि वजन : तुमचे अनुभव लिहा

माझं बायपास (हार्टचं नव्हे, वजन उतरवायला पोटाची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) होऊन परवा चौदा महिने झाले. ऑपरेशनच्या दिवशी ११८ किलो होते, आज सकाळी काट्यावर ७९. करावं की नको यावर सगळेच बोलतात, पण घरी आल्यावर ताटात काय वाढून घ्यायचं आणि पंगतीत काय सांगून सुटायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा. ज्यांचं झालंय किंवा घरात कुणाचं झालंय त्यांनी लिहा, चांगलं-वाईट दोन्ही.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, वरणाचं गाळलेलं पाणी, ताक, मुगाचं कढण. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी आपलं नेहमीचं जेवण. नेहमीचं म्हणजे काय, तर लेकीच्या उष्टावणाची चांदीची वाटी माळ्यावरून काढली, तीच आता माझी. अर्धी वाटी घट्ट वरण आणि दोन चमचे भात संपवायला अर्धा तास लागायचा. पोटाची नवी पिशवी असते साधारण ३० मिलीची, म्हणजे मोठे दोन चमचे, डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवली तेव्हा मला हसूच आलं होतं. नंतर हसू गेलं. एक घास न चावता गेला की छातीच्या मधोमध दगड बसतो, तोंडाला पाणी सुटतं आणि सरळ मोरी गाठायची. पोळी अजूनही धड जात नाही, ज्वारीची भाकरी ताकात कुस्करली की जाते.

नाशिकचा निवांत
मी वजनापेक्षा शुगरसाठी केलं. वय ५१, बारा वर्षं डायबेटिस, दोन वेळचं इन्सुलिन. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा इन्सुलिन बंद झालेलं, वजन तर तेव्हा उतरलंही नव्हतं! अन्न आतड्याचा वरचा भाग टाळून थेट खाली जातं आणि त्यामुळे हार्मोन्सचं गणित बदलतं असं सांगितलं. आता फक्त मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरची गोळी. पण गणपतीत माती खाल्ली. दोन उकडीचे मोदक, वरून तूप, आणि वीस मिनिटांत घामाच्या धारा, छातीत धडधड, पोटात मुरडा, आरतीत टाळ हातातून सुटला. बायकोला वाटलं हार्ट अटॅक. डंपिंग म्हणतात ते हेच, गोड भसकन आतड्यात उतरतं म्हणून. "प्रसाद आहे रे, एकाने काय होतंय" म्हणणारे काका तेवढ्यात चप्पल घालून पसार.

दोन वेण्या
आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, त्यामुळे प्रोटीनचे वांधे. दिवसाला ६० ग्रॅम तरी हवं म्हणतात आणि पोटात मावतं चिमणीएवढं. म्हणून आधी पनीर, चक्का, मुगाचं धिरडं, सोया, आणि जागा उरली तर भाजी, भात बहुतेक राहतोच. तरी चौथ्या महिन्यात केस असे गळायला लागले की न्हाणीघराची जाळी रोज साफ करावी लागायची, मी रडायचे आणि आई म्हणायची वजन उतरलं ना मग केसांचं काय घेऊन बसलीस. नवव्या महिन्याच्या आसपास थांबले, आता कपाळावर बारीक बारीक उभे आलेत. गोळ्या मात्र जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत, त्यामुळे माझा फोन दिवसभर बोंबलतो. बी १२ चं इंजेक्शन वेगळं.

जुना खवय्या
सगळे गोड गोड लिहिताहेत, मी कडू लिहितो. चार वर्षं झाली. १३८ वरून दीड वर्षात ९६ वर आलो, सत्कार व्हायचाच बाकी होता. आज ११० आहे. जेवण वाढलं असं नाही हो, ताटात अजूनही मी पाहुण्यासारखाच बसतो. पण चिकनचा तुकडा अडकतो आणि चिवडा अडकत नाही, इथेच सगळी गोम आहे. खारी चहात बुडवली की विरघळून जाते, फरसाण मुठीमुठीने जातं, पोट भरल्याचं कळतच नाही. दुकानावर बसून दिवसभर हेच चालायचं. दुसरी चूक म्हणजे गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खात होतो, बायपासवाल्यांना त्या गोळ्या चालत नाहीत हे फाइलमध्ये लिहिलेलं, फाइल कपाटात. काळी शी व्हायला लागली तेव्हा एंडोस्कोपी केली, जोडाच्या जागी अल्सर. आता डाएटिशियनकडे पुन्हा पहिलीत नाव घातलंय, सहा आठवड्यांत तीन किलो गेले.

लेकीची आई
माझं नाही, मुलीचं झालंय. खरं सांगू का, सगळ्यात जास्त त्रास मीच दिला. एवढंसं खाते म्हणून माझा जीव तुटायचा, पाठ वळली की तिच्या वाटीत अजून एक चमचा सरकवायचे. दोनदा उलटी झाली तेव्हा तिने वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आई, आता तू जेव. तेव्हापासून हात आवरलाय. आता नातेवाईक विचारतात, एवढी वाळली कशाने, काही दुखणं आहे का. आधी तेच जाडी म्हणून हाक मारायचे.

नवीन सदस्य
माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे. जेवताना पाणी अजिबात नाही हे कसं जमवता? मला घासागणिक घोट लागतो.

धागाकर्ती
आत्तापासून सवय कर ग. जेवणाआधी आणि नंतर अर्धा अर्धा तास पाणी नाही, बाकी दिवसभर घोट घोट. मी तांब्या फ्रिजवर ठेवून जेवायला बसायचे. हात पोचतो, पण उठायचा कंटाळा येतो.