36 जिल्हे, 6 विभाग: वृत्तालेख की स्तंभालेख?

मोजपट्टी
महाराष्ट्रातले विभागवार जिल्हे असे: छत्रपती संभाजीनगर 8, कोकण 7, नागपूर 6, पुणे, नाशिक, अमरावती प्रत्येकी 5. अशा माहितीचा सर्रास वृत्तालेख काढतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. एका जिल्ह्याला 10 अंश, म्हणजे कोकण 70 आणि नागपूर 60. आकडे झाकून मोठा तुकडा ओळखायला सांगा, माणूस अडखळतो. तेच स्तंभ एका रेषेवर उभे केले की फरक लगेच कळतो. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रयोग करून हेच दाखवलं: एका मापपट्टीवरची जागा आपण कोनापेक्षा अचूक वाचतो.

कोनमापक
'मोठा कोण' एवढंच विचारायचं असेल तर बरोबर. पण विदर्भ-मराठवाडा मिळून निम्म्याहून जास्त जिल्हे होतात का? अमरावती, नागपूर, संभाजीनगर हे तुकडे घड्याळातल्या 12 पासून ओळीने लावा. 50 + 60 + 80 = 190 अंश. कड 6 च्या पुढे गेलेली दिसते, बेरीज करावीच लागत नाही. सहा सुट्या स्तंभांतून हे दिसणार नाही. मात्र तिरपा त्रिमितीय वृत्तालेख नकोच, त्यात पुढचा तुकडा उगाच फुगतो.

गुण्या
त्यासाठी शतमान स्तंभालेख आहे की! एकच आडवी पट्टी: विदर्भ 30.6, मराठवाडा 22.2, उर्वरित 47.2 टक्के. 50 वर रेघ मारा, दोघांची कड 52.8 वर येते. खाली लोकसंख्येची पट्टीही जोडता येते. दोन वर्तुळांची अशी तुलना जमत नाही.

आणि स्तंभवाल्यांनो, अक्ष शून्यापासूनच घ्या. 4 पासून घेतला तर संभाजीनगरचा स्तंभ पुण्याच्या चौपट दिसतो, प्रत्यक्षात तो 1.6 पट आहे. रेषालेखात हे चालून जातं, तिथे आपण चढउतार वाचतो.

मोजपट्टी
शतमानाचं पटलं. सुटे स्तंभ काढायचे तर आडवे काढा, नाहीतर 'छत्रपती संभाजीनगर' हे नाव खाली तिरकं होतं. क्रम उतरता ठेवा. एक्सेल आडव्या स्तंभांत पहिली ओळ तळाशी टाकतं. अक्षाच्या फॉरमॅटमध्ये 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर' वर टिक करा.

कोनमापक
50 ची रेघ तुम्हाला आखावी लागली, वर्तुळात अर्धं आखल्याशिवाय दिसतं. तीन तुकड्यांपर्यंत मी वृत्तालेखच काढेन. सहा असतील तर तुमचे स्तंभ.